देवरावचं शून्य

कोसमटोल्यात देवराव गुरनुल्यांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. आलापल्लीकडून येताना सागाचं रान जरा विरळ झालं की मोबाइलचा टॉवर दिसतो, आणि टॉवरच्या तारेच्या कुंपणाला लागून जे कौलारू घर आहे ते त्यांचं. टॉवरची जागाही त्यांचीच. अठरा वर्षांपूर्वी कंपनीचे लोक भाताच्या बांधीचा कोपरा मागायला आले, तेव्हा देवरावांनी भाड्यासाठी फार घासाघीस केली नाही. एकच गोष्ट लावून धरली: चौकीदार आमच्या घरचाच राहील, आज मी, माझ्यामागं घरातलं कुणी. कंपनीनं ते तोंडी मान्य केलं. तोंडी मान्य करायला कंपनीच्या बापाचं काय जातं?

तेव्हापासून देवराव चौकीदार. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, चौथीपर्यंत शिकलेले. बायको बायनाबाई तापानं लवकर गेली. एकुलता मुलगा कुलदीप दारूनं गेला. जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि दारूही आहे. कोसमटोल्याच्या रानात नाल्यानाल्याला दारूसाठी आंबवलेल्या मोहाचा सडवा मडक्यांत पुरलेला असतो. कुलदीप एकोणतिसाव्या वर्षी पोट फुगून मेला. मागे राहिली त्याची बायको पुनम, आणि करिष्मा नावाची पोर, जी आता आश्रमशाळेत असते. देवराव स्वतः कधी थेंबाला शिवले नव्हते. मुलगा गेल्यावर ते गावातल्या बायांच्या दारूबंदी मंडळासोबत रानात जाऊ लागले. मंडळाच्या म्होरक्या सुगंधाबाई. पुरुषांपैकी सोबत जाणारे देवराव एकटेच, म्हणून सडव्याची मडकी सापडली की बाया काठी त्यांच्याच हातात द्यायच्या.

पुनम दहावी पास. नवरा गेल्यावर दोन हिवाळे ती गावच्या टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली. दुसऱ्या वर्षी परत आली ती बोटांची सालं निघालेली, आणि मालकाच्या माणसाबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडून मिटलेली. देवरावांनी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की काही झालं तरी ही पोर पुन्हा त्या टोळीत जाणार नाही. साठ वर्षं पूर्ण झाली की कंपनी चौकीदाराला घरी बसवते, आणि देवरावांची साठी जूनमध्ये भरत होती. त्या जागी पुनम लागली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

जागा देणं न देणं कंपनीच्या फील्ड सुपरवायझरच्या शब्दावर होतं. हा सुपरवायझर म्हणजे वडशाचा आदेश. पोरगा हुशार, बोलायला गोड, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं करायचा आणि त्या दिवसांत ड्यूटी मोटरसायकलवरून जमेल तशी उरकायचा. तो म्हणाला होता, “भाऊ, तुमचा रेकॉर्ड साफ ठेवा. बाकी मायावर सोडा.” देवरावांनी ते अक्षरशः मनावर घेतलं.

आता रेकॉर्ड म्हणजे काय, तर टॉवरच्या खोलीतला एक राखाडी डबा. विटेएवढा असेल. विजेची लाइन गेली, डिझेल संपत आलं, जनरेटर सुरू झाला, आतली मशीन तापली, की हा डबा नागपूरच्या कंट्रोल रूमला संदेश पाठवतो. तिथं स्क्रीनवर टॉवरच्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल होतो. मग तिथली ऑपरेटर तक्रार नोंदवते, तिला ते तिकीट म्हणतात, आणि तिकीट फाटल्याशिवाय कंपनीतलं कुणी जागचं हलत नाही.

कोसमटोल्याच्या डब्यात एक खोड होती. त्याच्या आतला बटणाएवढा सेल कधीच मेला होता. नव्या सेलची मागणी आदेशनं तीनदा पाठवली, तो काही आला नाही. त्यामुळं लाइन गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या पाच मिनिटांत डबा बंद पडायचा, आणि पुन्हा सुरू झाला की त्याला शिकवलेलं सगळं विसरलेला असायचा. दर वेळी शंभर किलोमीटर येणं आदेशला परवडेना. मग त्यानं नियम मोडला आणि देवरावांनाच ते काम शिकवलं.

“आलापल्लीच्या पोस्टात खिडक्या राह्यते का नाई, भाऊ?” तो म्हणाला. “टपालाची वेगळी, पैशाची वेगळी. तशा नागपूरच्या कंप्युटरले हजारो खिडक्या आहेत. त्याले पोर्ट म्हणते. असा डबा कारखान्यातून येते तं त्याच्या डोक्यात एकच खिडकी भरून येते, एकशे बासष्ट. दुनियेतले सारे डबे तिथीच जाऊन सांगते. पण आपल्या हापिसात त्या खिडकीवर पह्यलेच दुसरा प्रोग्राम बसून आहे. म्हणून आपला बसवला सोळाशे वीसवर. एकशे बासष्टच्या पुढं एक शून्य. इतकंच काम.”

“अन शून्य नाई टाकलं तं?”

“तं डबा बराबर सांगन, पण आयकाले तिथी कोणी नसन.”

हे देवरावांना पटलं. सांगणारा आहे आणि ऐकणारा नाही, ही गोष्ट त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते त्यांनी बोटांनी पाठ केलं. लाइन गेली की आधी जनरेटर, मग डबा, मग शून्य. जेवताना गेली तर हात धुवून उठायचे. पुनमलाही त्यांनी ते दाखवून ठेवलं, पुढं तिलाच करायचं होतं म्हणून. जनरेटर धडधडायला लागला की गावातली माणसं आपसांत म्हणायची, चाललं देवरावचं शून्य. चेष्टा होती, पण तिच्यात आपुलकीही होती.

तीन वर्षं असं चाललं. मग एका डिसेंबरात नागपूरला नवा प्रोग्राम आला. जुने दोन्ही काढून टाकले, एकशे बासष्टची खिडकी मोकळी झाली, आणि कुणा शहाण्या माणसानं ठरवलं की उगाच वेगळे आकडे कशाला, सगळं कारखान्यातून येतं तसंच ठेवू. सगळ्या टॉवरच्या डब्यांना नागपुरातूनच एकशे बासष्ट परत लावलं गेलं. सुपरवायझरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजीतून दोन ओळींचा निरोप आला. आदेश त्या आठवड्यात वडशाला तालमीत होता. त्यानं निरोपाखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि मिशा चिकटवायला बसला. आपण एका चौकीदाराला एक शून्य शिकवून ठेवलंय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आणि गंमत बघा. त्या दिवसापासून कोसमटोल्याच्या डब्याचं विसरणंच बरोबर झालं होतं. लाइन जाऊन आली की तो आपोआप एकशे बासष्टवर यायचा, जिथं आता खरोखरच ऐकणारं माणूस बसलं होतं. त्याला फक्त कुणी हात लावायला नको होता. एखादा झोपाळू चौकीदार असता तर सगळं सुरळीत चाललं असतं. पण तिथं देवराव होते. त्या दिवशी दुपारी लाइन गेलेली नसताना डब्यावरचं शून्य गायब झालेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांनी ते ताबडतोब परत टाकलं.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. रोज दोनदा तीनदा लाइन जायची, रोज देवराव शून्य टाकायचे, आणि डबा आपलं सगळं गाऱ्हाणं अशा खिडकीवर जाऊन सांगायचा जिथं खुर्चीसुद्धा उरली नव्हती. नागपूरच्या स्क्रीनचा नियम साधा होता: तक्रार आली तर लाल, नाहीतर हिरवा. कोसमटोला अखंड हिरवा. फेब्रुवारीच्या शेवटी तिथली ऑपरेटर दीपिका हिचा देवरावांना फोन आला.

“देवरावभाऊ, अभिनंदन. तुमच्या टॉवरवर अडीच महिन्यांत एकही अलर्ट नाही. लाइनसुद्धा गेली नाही. पूर्ण विभागात पहिला नंबर.”

आलापल्लीच्या रानात अडीच महिने लाइन गेली नाही, हे ऐकून त्या एवढ्या मोठ्या कार्यालयात एखाद्याला हसू तरी फुटायला हवं होतं. कुणाला फुटलं नाही. उलट एक रंगीत प्रमाणपत्र पुनमच्या मोबाइलवर आलं. लाइन गेली नाही हे कसं म्हणतात, असं देवरावांच्या मनात आलं होतं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आपण जनरेटर इतका झटकन सुरू करतो, म्हणून त्यांना तसं वाटत असेल. साठीच्या उंबरठ्यावर त्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी पहिला नंबर दिला होता. त्यांनी ते प्रमाणपत्र सुगंधाबाईंना दाखवलं, आश्रमशाळेत नातीला दाखवलं, आदेश आला तेव्हा त्यालाही दाखवलं.

“आता पुनमचं नाव टाकाले कोणी आडवं येत नाई,” आदेश म्हणाला. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की खोलीच्या पत्र्याला हात लावता येईना. एका सकाळी मशीनच्या कपाटातला पंखा थांबल्याचं देवरावांच्या लक्षात आलं. कपाटाचं दार तव्यासारखं झालं होतं. कपाट उघडायची किल्ली चौकीदाराकडे नसते. पण त्याची काळजी करायचं कारण नव्हतं, कारण तापल्याचा संदेश द्यायलाच तर डबा होता. देवरावांनी डब्याकडे पाहिलं. लाल बारीक दिवा मिचकत होता, म्हणजे डबा सांगतोय. त्यांनी आकडा तपासला. शून्य जागेवर होतं. ते निश्चिंत मनानं घरी आले आणि पुनमला म्हणाले, “आदेशभाऊ येइन आज उद्या. पंखा बंद पडला आहे.”

दीड दिवस डबा सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातून जळका वास आला आणि आसपासच्या अकरा गावांतले फोन मुके झाले.

देवरावांनी सायकल काढली. सोळा किलोमीटर, दुपारच्या उन्हात, दुसऱ्या टॉवरची रेंज येईपर्यंत. एका पुलावर उभं राहून त्यांनी नागपूरला फोन लावला.

“भाऊ, आमच्याकडे कोसमटोला हिरवा आहे,” दीपिका म्हणाली.

“अवो बाई, मशीन जळली. मी डोळ्यानं पाहून आलो.”

“तुम्ही पाहिलं असेल हो. पण अलर्ट आल्याशिवाय मला तिकीट बनवता येत नाही. सिस्टमनं सांगायला पाहिजे.”

“मी माणूस सांगून राह्यलो ना.”

तिनं आदेशला कळवते म्हटलं, आणि कळवलंही. आदेशनं मोबाइलवर तो हिरवा ठिपका पाहिला आणि उद्या बघू म्हणून ठेवून दिलं. म्हातारा घाबरट आहे, असं तो दीपिकाला म्हणाल्याचं पुढं देवरावांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी देवराव पुन्हा सायकलवर गेले. तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडांखाली लावलेली आग सागाच्या रानात शिरली. आग पाहिलेल्या वनरक्षकानं फोन लावून लावून शेवटी निरोप देऊन माणूस पाठवला, तोवर पन्नास वर्षांचा साग एका मोठ्या पट्ट्यात उभा जळाला होता. वनखात्याचे मोठे साहेब कंपनीवर चढले, कंपनी आदेशवर चढली, आणि आदेश कोसमटोल्याला आला. तेव्हा मात्र त्याला दोन तासही लागले नाहीत.

त्यानं डबा उघडला. लहानशा पडद्यावर सोळाशे वीस दिसलं. मग त्यानं डब्यातली नोंद काढली. बटणं दाबून कुणी काय बदललं, तेवढं मात्र डबा तारीखवार आठवणीत ठेवायचा. डिसेंबरपासून चारशे अकरा वेळा तोच बदल, तोच आकडा. एकही वेळ चुकलेली नव्हती.

“काऊन, भाऊ? शून्य तं बराबर आहे ना?” देवरावांनी विचारलं.

आदेशनं पाणी मागितलं. पुनमनं आणलेला तांब्या त्यानं संपवला. मग त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. ते सांगण्याइतका तो प्रामाणिक होता.

“म्हंजे मी हात नसता लावला...”

“तं काईच झालं नसतं.”

चारशे अकरा वेळा देवराव उठले होते. ताटावरून उठले होते, तापात उठले होते. निदान पंखा थांबला त्या दिवशी आळस केला असता तरी मशीन वाचली असती, रान वाचलं असतं. एवढं तरी त्यांना कळू द्यायला नको होतं, असं मला वाटतं. पण त्यांना ते पुरतं कळलं.

“तुम्हीच सांगतलं होतं,” शेवटी ते म्हणाले.

“सांगतलं होतं. कागदावर नाई सांगतलं.” आदेशनं मान खाली घातली, आणि मग एकदम कामाला लागल्यासारखा बोलू लागला. “आयका भाऊ. मी शिकवलं हे निघालं तं मी आजच घरी जातो. मी गेलो का इथी नवा ठेकेदार येते, अन तो आपला चौकीदार आणते. पुनमचं मंग कोण पाह्यन? पण तुम्हीच आपल्या मनानं बटणं दाबली, असं असन तं एका माणसाची चूक म्हणून कागद बंद होते. तुमाले तसंही जूनमध्ये जाच लागते. पुनम पह्यल्या तारखेपासून ड्यूटीवर. मी लेखी देतो.”

“लेवा मंग कागदावर. मीच दाबली.”

“तेवढ्यानं नाई होत.” आदेशनं कागद काढला होता. “शुद्धीतला माणूस चारशे अकरा वेळा तोच आकडा कायले टाकन, कुठून आणला त्यानं तो आकडा, हे विचारतीन. पेणाऱ्याले कोणी काई विचारत नाई.”

कागदावर लिहिलं होतं, की चौकीदार देवराव गुरनुले ड्यूटीवर नेहमी दारूच्या नशेत असत आणि त्या अवस्थेत यंत्राशी छेडछाड करत. खाली त्यांची सही. त्याखाली घरातल्या साक्षीदाराची.

पुनमनं तो कागद वाचला आणि परत खाली ठेवला. “मी नाई करत. मामाजींनी आयुष्यात दारू घेतली नाई. माया नवरा तिनंच मेला, अन मीच लेवून देऊ?”

“पुनम, कर सही,” देवराव म्हणाले.

“मामाजी, मी मिरचीले जाईन. जाईन मी.”

“मी आहो तवर नाई जात तू.” त्यांनी आधी स्वतःची सही केली. चौथीतल्या अक्षरात, हळूहळू, पूर्ण नाव. मग पेन तिच्यापुढं धरलं. ते हातात घ्यायला तिनं फार वेळ लावला, आणि तेवढा वेळ देवरावांचा हात तसाच पुढं होता.

आदेशनं शब्द पाळला, हे त्याच्या नावावर लिहायलाच हवं. पहिल्या तारखेला पुनमला निळं जॅकेट मिळालं. सोबत एक सूचना मिळाली: डब्याला हात लावायचा नाही. जुन्या चौकीदाराला कुंपणाच्या आत येऊ द्यायचं नाही, अशीही एक ओळ होती. देवराव आपल्याच बांधीच्या बांधावर बसून कुंपणापलीकडे बघत. लाइन जायची, पुनम जनरेटर सुरू करायची, डबा विसरायचा आणि बरोबर बोलायचा. लाइन गेली की अजूनही त्यांची बोटं मांडीवर हलायची.

इथपर्यंत ते त्यांनी सोसलं. पण चौकीदार बदलला की ग्रामपंचायतीला कळवावं लागतं, त्यामुळं कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीत आली. सचिवानं ती वाचली आणि दारूबंदी मंडळाकडे दिली. दुसरं काय करणार होता? मंडळाचा नियम कडक होता. पिणारा कुणीही असो, त्याला ओट्यावर उभं करायचं, आणि आधी त्याच्याच घरच्या बाईनं बोलायचं. घरची बाई गप्प बसते म्हणून दारू वाढते, असं मंडळाचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढं तीसेक बाया जमल्या. काही पुरुष लांब उभे राहिले. ज्यांची मडकी देवरावांच्या काठीनं फुटली होती ते जरा पुढं सरकून उभे होते, आणि त्यांना आज हसू आवरत नव्हतं. पुनम ड्यूटीवरून निळ्या जॅकेटमध्येच आली होती.

सुगंधाबाई कागद हातात धरून उभ्या राहिल्या. “देवराव भाऊ, मले भरोसा नाई या कागदावर. कंपनीवाले काईबी लेवते. तुमाले मी आजच नाई पाहून राह्यली. तुम्ही फक्त नाई म्हणा. मी हा इथीच फाडते, अन दुसरा कागद आमी साऱ्या जणी लेवून पाठवतो कंपनीले.”

सुगंधाबाईंना वाटलं आपण त्यांना वाचवतोय. देवरावांनी त्या दुसऱ्या कागदाचा रस्ता मनातल्या मनात शेवटपर्यंत चालून पाहिला. तो नागपूरला जाणार, मग चौकशी, मग आकडा कुणी दिला, मग आदेश घरी आणि पुनम टोळीच्या गाडीत. ते म्हणाले, “कागद खरा आहे, बाई.”

बायांमध्ये कुजबुज झाली. सुगंधाबाईंनी पुनमकडे पाहिलं. “पुनम, तू सांग. नियम आहे.”

“सही मायीच आहे,” पुनम म्हणाली. तिला त्याहून जास्त बोलता आलं नाही, आणि त्याहून जास्त लागलंही नाही.

सुगंधाबाई खाली बसल्या. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. त्यात राग होता, आणि रागाहून जास्त फसवलं गेल्याचं दुःख होतं.

“म्हंजे आमच्यासंगं रानात येऊन मडके फोडत होता, अन घरी येऊन पेत होता तू. लाज नाई वाटली? हे नाटक आमच्यापुढं केलं इतके वर्षं?” बोलता बोलता सुगंधाबाई आणखी पेटल्या. “कुलदीप पेणं कुठी शिकला म्हणून आमी सारं रान पालथं घातलं. कोणाकोणाच्या दारात जाऊन भांडलो. तो तं घरीच शिकला. सांग, आता लपवाचं काई राह्यलं नाई तुयं. तुनंच शिकवलं ना पोराले?”

पुनम उठून उभी राहिली. देवरावांनी तिच्याकडे पाहिलं मात्र, आणि त्यांना समजलं की ती आता सगळं सांगणार. डबा, आकडा, आदेश, सही, सगळं. तिनं श्वास घेतलेला त्यांना दिसला. त्यांनी घाई केली.

“हो,” ते मोठ्यानं म्हणाले. “मीच शिकवलं.”

पुनमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सुगंधाबाईंनी मंडळाची वही पुढं ओढली आणि तेही लिहून घेतलं.